गोष्टीला मार्क कसले देताय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांवर संस्कार कसे करायचे यावर आपल्या पेपरात गेले काही आठवडे पत्रं येतायत, ती मी सगळी वाचली. एका बाजूचं म्हणणं, पोरं मोबाईलपायी वाया चाललीत, त्यांना रामायण महाभारत सांगा की आपोआप सरळ होतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्या जुन्या गोष्टींत राजे, शाप आणि जातपात सोडून आहे काय, त्यापेक्षा सायन्स शिकवा. दोन्हीकडची मंडळी तावातावानं लिहितायत, पण यातल्या कितीजणांनी अलीकडे एखाद्या सात-आठ वर्षांच्या पोरासमोर बसून एक अख्खी गोष्ट, मधेमधे त्याचे प्रश्न घेत, शेवटपर्यंत सांगितली असेल हो? सांगितली असती तर दोघांनीही इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं.

मी बँकेतून रिटायर झालेली बाई, धायरीला राहते. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये पोरं गोळा करून गोष्टी सांगते. क्लास नाही, फी नाही, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. पहिलीपासून सहावीपर्यंतची पोरं येतात, त्यातली बरीचशी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे गाभारा म्हणजे काय, दवंडी म्हणजे काय इथपासून सुरुवात असते, पण त्याचं काही अडत नाही, एकदा सांगितलं की कळतं.

आता मला हे पत्र लिहायला कशानं भाग पाडलं ते सांगते. आमच्यातली एक तिसरीतली मुलगी शाळेच्या कथाकथन स्पर्धेत उभी राहिली आणि तिनं श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सांगितली. घरी येऊन म्हणाली, आजी नंबर नाही आला, मार्क कापले. का? तर गोष्टीचं तात्पर्य सांगितलं नाही. परीक्षकांच्या तक्त्यात म्हणे आवाज, हावभाव, पाठांतर आणि तात्पर्य असे चार रकाने होते आणि शेवटच्या रकान्यात हिला भोपळा. शाळेचं नाव लिहीत नाही कारण त्या एका शाळेला बोल लावण्यात अर्थ नाही, असले तक्ते सगळीकडेच असतात.

ही कहाणी ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. आटपाट नगरातला राजा मोठा शिवभक्त. त्याच्या मनात आलं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली की सोमवारी गावातलं झाडून सगळं दूध देवळात आणायचं, घरी थेंब ठेवायचा नाही. लोक घाबरले, वासरांना पाजलं नाही, मुलांना दिलं नाही, सगळं दूध आणून ओतलं तरी गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली, तिनं आधी घरातल्या लेकरांना खाऊपिऊ घातलं होतं, सुनांचं केलं होतं, गाईवासरांना तृप्त केलं होतं, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन ती आली. पूजा केली, दूध गाभाऱ्यात ओतलं, आणि गाभारा भरला. ती गेली निघून. गुरवाला कळेना, राजाला कळेना. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग राजा स्वतः देवळात येऊन बसला आणि म्हातारीला पकडलं. तिनं आधी अभय मागून घेतलं, आणि मग राजाला तोंडावर सांगितलं की तुझ्या हुकमानं वासरं तळमळली, पोरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही.

आता ही गोष्ट मी क्लब हाऊसमध्ये सांगितली तेव्हा काय झालं ते ऐका. पहिला प्रश्न आला की एवढं दूध ओतलं ते गेलं कुठं, गाभाऱ्याला ड्रेनेज होतं का? हसू नका, पुण्यातल्या पोराला हा प्रश्न पडणारच, आणि त्यावरून चौथीतल्या एकानं विचारलं की मग ते फुकट गेलं का, राजानं पैसे दिले का लोकांना? मग दुसरी म्हणाली, पण म्हातारीनं पण रूल मोडलाच की, राजानं सांगितलं होतं सगळं आणा आणि हिनं आधी घरी वापरलं, ती चीटिंग नाही का? त्यावर जे भांडण जुंपलं ते अर्धा तास. एक गट म्हणे रूल म्हणजे रूल. दुसरा म्हणे रूलच चुकीचा होता. आणि एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो हळूच म्हणाला की म्हातारीनं आधी अभय का मागितलं, म्हणजे तिला माहीत होतं ना की खरं बोललं तर मार पडतो.

संपादक साहेब, मी ही कहाणी लहानपणापासून ऐकतेय, आईनं वाचलेली, सासूबाईंनी वाचलेली, आणि त्या अभयाच्या वाक्यापाशी मी कधी थांबलेच नव्हते. आता मला सांगा, या सगळ्याचं तात्पर्य एका ओळीत काय लिहायचं? भक्ती मनापासून असावी? की आधी घरातलं लेकरू आणि गोठ्यातलं वासरू, मग देव? की मोठ्या माणसाचा हुकूम चुकीचा असू शकतो? तिन्ही त्यात आहेत, आणि त्या मुलीनं शाळेत त्यातलं एकही न सांगता नुसती गोष्ट नीट सांगितली यातच तिची हुशारी होती. तिथेच मार्क कापले.

आपल्या पेपरबद्दलही बोलायला हवं, राग मानू नका. शनिवारच्या बालपुरवणीत आपण एक छान गोष्ट छापता, चित्र पण सुंदर असतं, आणि खाली एका चौकटीत ठळक अक्षरात 'तात्पर्य'. पोरं काय करतात माहितीये? आधी चौकट वाचतात. मी समोर बसून बघितलंय. चौकट वाचली की गोष्ट वाचायची गरजच संपते, कळलं, घाई करू नये, पुढे चला. ऊस बाजूला ठेवून पोराच्या हातात नुसतं चिपाड द्यावं तसं होतं ते. ती चौकट काढून टाका अशी माझी विनंती आहे. फारच राहवत नसेल तर तिथे एखादा प्रश्न छापा, पण खरा प्रश्न, 'या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात' हा नाही, तो परीक्षेतला आहे.

कुणी म्हणेल तात्पर्य सांगायची पद्धत आपली जुनीच आहे, पंचतंत्रात नाही का. यावरच मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हल्ली पंचतंत्र म्हणजे बाळबोध संस्कार असा समज झालाय आणि तो बहुतेक चित्रांची पातळ पुस्तकं वाचून झालाय. मूळ रचना बघा ना. अमरशक्ती राजाचे तीन मुलगे, तिघंही ढ, आणि ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा म्हणतो की मला पैसे नकोत, सहा महिन्यांत यांना शहाणं करून दाखवतो. आणि शिकवायला घेतो काय, तर पहिलंच तंत्र मित्रभेद, म्हणजे दोन जिवाभावाच्या मित्रांत भांडण कसं लावलं जातं ते. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची घट्ट मैत्री, आणि दमनक नावाचा कोल्हा याच्या कानात एक आणि त्याच्या कानात दुसरंच सांगून ती तोडतो. त्याचा जोडीदार कोल्हा करटक त्याला समजावतो, बोल लावतो, पण उपयोग शून्य. शेवटी सिंह बैलाला मारतो. आणि दमनकाला शिक्षा? काही नाही. त्याचं काम फत्ते. चांगल्याचं चांगलं होतं, वाइटाचं वाईट होतं असं शिकवायचं असतं तर विष्णुशर्म्यानं हे कशाला सांगितलं असतं? त्याला ती पोरं भोळी करायची नव्हती, उद्या राज्य चालवताना कान फुंकणारे भेटणारच, ते ओळखता यावेत म्हणून सांगितलं.

आणि हे आजच्या पोरांना इतकं पटकन कळतं की विचारू नका. दमनकाची गोष्ट संपली आणि पाचवीतली एक मुलगी म्हणाली, आमच्या वर्गात आहे असा एक. सगळ्यांना माहीत होतं कोण ते. मग पुढचा सगळा वेळ पिंगलकानं काय करायला पाहिजे होतं यावर चर्चा. त्याने डायरेक्ट संजीवकाला जाऊन विचारायचं ना! हे त्यांचं उत्तर, माझं नाही. आता हे उत्तर चौकटीत छापून दिलं असतं तर कुणी लक्षात ठेवलं असतं?

याच दोन कोल्ह्यांची गंमत म्हणजे ते पार इराणला पोचले. सहाव्या शतकात पंचतंत्राचं पहलवी भाषेत भाषांतर झालं, त्यावरून आठव्या शतकात अरबीत, आणि तिथे पुस्तकाचं नावच पडलं 'कलीला व दिमना', करटक आणि दमनकावरून. म्हणजे बगदादमधल्या वाचकांनीही हे वाचलं, त्यांना काही कुणी हिंदू केलं नाही आणि ही गोष्टही काही मुसलमान झाली नाही. आमच्याकडे सगळ्या घरांतली पोरं येतात, कुणाच्या आईवडिलांनी धर्मावरून अजून एक शब्द काढला नाही. तक्रारी येतात त्या वेगळ्याच.

पहिली तक्रार मुंगसाची. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ती गोष्ट, ब्राह्मणी पाणी भरायला जाते, पाळण्यातल्या बाळाला साप चावणार तेवढ्यात मुंगूस सापाला मारतं, आणि तोंडाला रक्त लागलेलं मुंगूस दारात बघून ती घागर त्याच्यावर टाकते. मुंगूस मरतं. मग आत जाऊन बघते तर बाळ सुखरूप. मी सांगितली त्या रात्री एका आईचा मेसेज, काकू आमचा रडतोय, जरा पॉझिटिव्ह गोष्टी सांगा ना. ग्रुपवर चार अंगठे पण आले त्याला. मी उत्तर दिलं की रडू दे. मुंगसासाठी रडणारं पोर हेच तर हवंय ना तुम्हाला, की 'घाईत निर्णय घेऊ नये' असं वहीत लिहून न रडता झोपणारं हवंय? काहींना राग आला. त्यातली एक आता पोराला पाठवत नाही, तिची मर्जी.

दुसरी तक्रार सत्यकाम जाबालाची. छांदोग्य उपनिषदातली इतकी साधी गोष्ट. मुलगा गुरूकडे जायला निघतो, आईला विचारतो माझं गोत्र कोणतं, आई म्हणते मला माहीत नाही रे, मी घरोघरी कामं करत फिरत होते तेव्हा तू झालास, तू आपलं सत्यकाम जाबाल असं सांग. आणि तो गुरूला जसंच्या तसं सांगतो. गौतम ऋषी म्हणतात, तू खऱ्यापासून ढळला नाहीस, ये. एका वडिलांना ही लहान मुलांना सांगण्यासारखी वाटली नाही. आणि गंमत बघा, हेच गृहस्थ मागे मला म्हणाले होते की मुलांना आपली मूळ संस्कृती शिकवली पाहिजे. याहून मूळ काय द्यायचं त्यांना, सांगा. वर्गात बाबांचं नाव लिहा म्हटल्यावर गप्प बसणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, त्यांनी ही गोष्ट कुणाकडून ऐकायची?

एकलव्याचं तर बोलायलाच नको. पुस्तकात त्याचं तात्पर्य छापलेलं असतं गुरुभक्ती. पोरांसमोर सांगून बघा. निषादाचा मुलगा म्हणून द्रोण त्याला शिकवत नाहीत, तो मातीचा पुतळा करून स्वतःच शिकतो, कुत्र्याच्या तोंडात बाण मारतो, अर्जुनाला ते बोचतं, आणि द्रोण येऊन उजवा अंगठा मागतात. पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, पण सरांनी शिकवलंच नव्हतं ना, मग फी कसली? या प्रश्नाला उत्तर नाही आणि नसूच द्या. आदिपर्वात ही गोष्ट सांगणाऱ्यानं अर्जुनाचा मत्सरही लपवला नाही आणि द्रोणांचा पक्षपातही लपवला नाही, सगळं उघड ठेवलंय. लपवतो आपण, पुस्तक पातळ करताना. जातपात आहे म्हणून गोष्टीच नकोत म्हणणाऱ्यांना माझं सांगणं हेच आहे की ती आहे म्हणून तर सांगा, आणि अंगठ्यापाशी थांबा, पोरांना चिडू द्या. आणि मग त्याच महाभारतातली वनपर्वातली धर्मव्याधाची सांगा. तपाच्या जोरावर नुसत्या नजरेनं बगळीला जाळणारा कौशिक ब्राह्मण भिक्षेला जातो, घरातली बाई नवऱ्याचं करत असते म्हणून थांबावं लागतं तर चिडतो, ती म्हणते मी काही बगळी नाही हो. आणि धर्म शिकायला त्याला पाठवते मिथिलेला, मांस विकणाऱ्या व्याधाकडे! बाजारातल्या त्या दुकानापाशी उभं राहून ब्राह्मण धर्म शिकतो. एकाच ग्रंथात दोन्ही आहे. पोरांना दोन्ही द्या, ती बरोबर लावतात.

महाभारताचा विषय निघालाच आहे तर, आपण पुणेकर या बाबतीत किती नशीबवान आहोत याची आपल्याला कल्पना नाही. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ला काम सुरू झालं ते १९६६ ला पुरं झालं, बाराशेवर हस्तलिखितं ताडून बघितली. आणि आपली मुलं महाभारत शिकतात टीव्हीवरून. द्रौपदी दुर्योधनाला आंधळ्याचा पोरगा आंधळा म्हणाली म्हणून सगळं रामायण घडलं, हे आमच्या क्लब हाऊसमधल्या झाडून सगळ्यांना पाठ. चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी ते वाक्य नाही. हे मी सांगितलं तर पोरींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एवढे दिवस उगीच तिच्या डोक्यावर बिल फाडत होतो की!

कीर्तनकार मंडळींचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आधीच सांगते. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात मी लहानपणी आजीबरोबर जायचे. तिथेही उपदेश असतो, पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. पण बुवा एका ओळीत तात्पर्य देऊन मोकळे होत नाहीत, मधेच चिमटे काढतात, उलटं उदाहरण देतात, समोरच्याला हसवतात, रडवतात. तेवढा वेळ असेल तर खुशाल उपदेश करा, माझी ना नाही. पाठांतरालाही ना नाही, रामरक्षा, मनाचे श्लोक जरूर म्हणून घ्या, जीभ वळते, पण त्याला गोष्ट सांगितली असं समजू नका.

सरकारनंही २०२० च्या शैक्षणिक धोरणात पंचतंत्र, जातक, हितोपदेश यातल्या मूळ गोष्टी मुलांना वाचायला मिळाव्यात असं लिहिलंय, चांगलंच आहे. मूळ हा शब्द तेवढा शाळांनी मनावर घ्यावा, नाहीतर पुन्हा वर्कशीट येणार, गाळलेल्या जागा भरा, 'मुंगूस ______ होते', आणि शेवटी मार्क.

बऱ्याच आया मला विचारतात की कुठल्या वयाला काय सांगायचं. याला काही शास्त्र नाही, पण माझा अनुभव सांगते. अगदी छोट्यांना भोपळ्यातली म्हातारी. ती वाघाला, कोल्ह्याला चक्क थापा मारून सुटते आणि पोरं टाळ्या वाजवतात, खोटं बोलू नये वगैरे तिथे अजिबात काढू नका. दुसरी-तिसरीपासून श्रावणातल्या कहाण्या, त्यात शुक्रवारची बहीणभावाची नक्की घ्या. गरीब बहीण भावाच्या सहस्रभोजनात पोरांना घेऊन बसते आणि तो तिला हाताला धरून उठवतो, मग ती श्रीमंत झाल्यावर बोलावतो तेव्हा ती ताटातले पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवते, कारण जेवायला बोलावलंय ते दागिन्यांनाच. लग्नकार्यात कुणाला कुठं बसवतात हे पोरांनी बघितलेलं असतं, समजावून सांगावं लागत नाही. चौथी-पाचवीला पंचतंत्र, मित्रभेदासकट. सहावीनंतर यक्षप्रश्न, त्यात सुद्धा प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा शेवट सांगा, चार भाऊ मेलेत, एकच जिवंत होणार, आणि युधिष्ठिर भीमाला नाही, अर्जुनाला नाही, नकुलाला मागतो, कारण कुंतीचा मी एक आहे, माद्रीचाही एक राहू दे. इथे थांबा, तुम्ही कुणाला मागितलं असतं विचारा आणि चहा प्या.

नचिकेता मात्र घरात जरा सांभाळून. बाप यज्ञात दान देतोय, पण देतोय काय तर दूध आटलेल्या, गवत खायचं पण त्राण नसलेल्या म्हाताऱ्या गाई, आणि पोरगं शेजारी उभं राहून बघतंय. ही कठोपनिषदातली सुरुवात मी दिवाळीच्या आधी सांगितली, तेव्हा सोसायटीत गरजूंसाठी कपडे गोळा करणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी तीन घरांतल्या पोरांनी देण्याच्या पिशव्या हॉलमध्ये उलट्या करून आतलं सगळं तपासलं म्हणे. चेन तुटलेल्या पॅन्टी, विटलेले टॉवेल, एका पायाची सॅंडल. एका आईनं मला लिफ्टमध्ये गाठून झापलं, पिशवी पुन्हा भरावी लागली, नवीन चादर घालावी लागली म्हणून.

आपली,
एक आजी, धायरी, पुणे